उजव्या खांद्यावरचा पदर

हेमांगी नाडगौडाला भुतांची भीती कधीच वाटली नव्हती. तिला वैताग यायचा तो बेनामी भुतांचा. कोल्हापुरातल्या चित्रसंग्रहालयात बंद पडलेल्या स्टुडिओंमधून पोत्यांनी फोटो येत आणि त्यांत भयपटांचा भरणा फार. पांढऱ्या साड्या, मोकळे केस, डोळ्यांभोवती काजळाचे खड्डे. मागच्या बाजूला ना चित्रपटाचं नाव, ना नटीचं. पूर्वी अशा एकेका फोटोपायी तिचे आठवडे जात. आता थरदर्शी यंत्र आलं होतं आणि चहा निवायच्या आत भूत नावगावासकट ओळखलं जाई.

थरदर्शीचं काम सांगायला सोपं होतं. कातडी, डिंक, मेण, पावडर यांच्यावरून प्रकाश वेगवेगळा परततो आणि जुन्या फोटोतल्या चांदीच्या कणांत तो फरक उतरलेला असतो. यंत्र तो फरक वाचून रंगभूषेचे थर कांद्यासारखे सोलून काढी आणि खालचा चेहरा दाखवी. साडीचे काठ, पोलक्याची बाही, केसांचा टोप यांवरून चित्रपट ठरवी. वेशभूषेचे नियम त्याला हेमांगीनेच शिकवले होते आणि त्याचा तिला अंमळ जास्तच अभिमान होता. देशभरची संग्रहालयं यंत्राचा निकाल मानत. शिक्का बसला की वाद मिटला.

त्या सकाळी वाद काखेत धरून सुगंधा वायदंडे आल्या. संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि एसटी स्टँडवर लावलेलं त्याचं पोस्टर त्यांनी फाडून आणलं होतं. ते त्यांनी टेबलावर आपटलं. ‘काजळमाळ’ चित्रपटातली हडळ. अर्धा गाल जळालेला, तोंड वासलेलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, रंगभूषाकार तांबटमास्तर यांची अजरामर कलाकृती.

“ही मी हाय,” सुगंधाबाई म्हणाल्या. “आणि ही कलाकृती न्हाई.”

त्यांचा डावा गाल डोळ्यापासून जबड्यापर्यंत आक्रसलेला होता. त्या बाजूची पापणी पुरती मिटत नव्हती. हेमांगीला क्षणभर वाईट वाटलं, पण फोटोतला माणूस मीच म्हणून सांगणारे तिच्याकडे नेहमीच येत. तिने बाईंना यंत्रापुढे बसवलं. बाई बसल्या त्याही यंत्रावर उपकार केल्यासारख्या.

निकाल लगेच आला आणि हेमांगीने तो सरकारी आवाजात वाचून दाखवला. फोटोत भाजल्याची खूण उजव्या गालावर, बाईंची डाव्या. चेहऱ्याची ठेवण जुळत नाही. गालावर रंगाचा थर स्पष्ट. व्यक्ती, चित्रपटाची नायिका. एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं, पण वय झालं की पडद्यावर पाहिलेलं आणि अंगावर गेलेलं यांची सरमिसळ होते, असंही ती बोलून गेली.

“रोज आरशात बघते तो चेहरा मला तुझं मशीन शिकवणार व्हय?”

मग बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या नायिकेच्या डमी होत्या. हडळीचा जळका गाल मास्तरांनी कापूस आणि डिंक लावून केला होता. दिग्दर्शकाला मशाल आणखी जवळ हवी होती, आणि कापसाने पेट घेतला. दुसऱ्या दिवशी एक शॉट राहिला होता. आदल्या दिवशीच्या गालाशी गाल जुळायला हवा, म्हणून मास्तरांनी मलम पुसून त्या जखमेवरच रंग चढवला. रंग लागत होता तेव्हाचा हा फोटो. ते वासलेलं तोंड पाहून लोक अजून अभिनयाची तारीफ करतात, हे सांगताना बाई फोटोवर थुंकतील की काय असं हेमांगीला वाटलं.

तिने पुरावा विचारला. तोंडी गोष्टीवर मला नाव बदलता येत नाही, म्हणाली.

“म्हणजे मी खोटारडी आणि तांबट खरा.”

“मी नाही म्हणत, यंत्र म्हणतं.”

“आणि मशीनला शिकवलं कुणी?”

हेमांगीला राग आला होता आणि तो लपवण्याइतकं शहाणपण तिच्यापाशी उरलं नव्हतं. बाहेरचा रस्ता तुम्हाला दाखवावा लागेल का, असं तिने विचारलं. बाईंनी पदर ओढून तो गाल झाकला आणि मान फिरवली. दाराच्या उजेडात त्यांच्या नाकातली चमकी लकाकली, डाव्या नाकपुडीतली.

हेमांगी पुन्हा यंत्राच्या पडद्याकडे वळली तर नजर फोटोतल्या नाकावर गेली. सोललेल्या थरांत तिथे मेणाचा एवढासा दाणा दिसत होता. हडळीला दागिना शोभत नाही, म्हणून रंगभूषाकार टोचलेल्या नाकाचं भोक मेणाने बुजवत. हा दाणा तिने निकाल वाचतानाच पाहिला होता. तो उजव्या नाकपुडीत होता. इकडच्या बायका नाक डावीकडे टोचतात. आणि बाई म्हणाल्या होत्या, आरशात, जिथे डावं ते उजवं दिसतं.

तिने पोत्यातून आलेला मूळ फोटो काढला. त्यात हडळीचा पदर उजव्या खांद्यावर होता. नियम हेमांगीचाच होता. पदर उजव्या खांद्यावर दिसला की प्रिंट उलटी छापली गेली असं समजायचं आणि फोटो फिरवायचा. जुने लॅबवाले गाढव होते आणि त्यांच्या हजारो चुका या नियमाने दुरुस्त झाल्या होत्या. पण हडळीला पदर मुद्दाम उलटा नेसवत. काय चुकलंय ते कळू नये, नुसतं अंगावर काटा यावा, म्हणून. ही गंमत ती दर रविवारी पाहुण्यांना हसत हसत सांगायची. यंत्राला तेवढी सांगायची राहिली होती.

नियम काढून तिने फोटो पुन्हा यंत्रात घातला. खूण डाव्या गालावर. ठेवण तंतोतंत जुळली. व्यक्ती, सुगंधा वायदंडे. मघाशी चेहरा नायिकेचा ठरवल्यामुळे यंत्राने रंगाखालचं सगळं रंगभूषाच धरलं होतं. आता ते निमूट खाली वाचत गेलं. वर रंग. त्याखाली कापूस नाही, डिंक नाही. उघडी जखम.

सुगंधाबाई फाटकाजवळच्या पायरीवर बसल्या होत्या. हेमांगीने त्यांना जवळजवळ हाताला धरून आत आणलं आणि पडदा दाखवला. बाईंनी तो वाचला, पण चेहऱ्यावर समाधानाचं नाव नाही. हेमांगी चुकलं म्हणायला लागली तसं त्यांनी तिला मधेच तोडलं.

“माफी मागू नको. माफी मागितली की तुम्हाला झोप लागती. माझा डोळा तसाच उघडा ऱ्हातो.”

यंत्राला कुणाच्या रागाशी देणंघेणं नव्हतं. त्याच नियमाने फिरवलेले बाकीचे फोटो ते आपणहून तपासायला लागलं होतं. पडद्याच्या एका कडेला बायकांचे चेहरे सरकत होते, एकामागून एक पदर खांदे बदलत होते आणि कुणाकुणाच्या नावाखाली ओळख चुकल्याची लाल खूण उमटत होती.

“ह्या सगळ्या कोण?” बाईंनी विचारलं.

आजवर ज्यांना हेमांगी ओळखते असं समजत होती, त्या या होत्या.

बाहेर मांडवात खुर्च्या लागत होत्या. तांबटमास्तरांचे नातू हार घेऊन आल्याचं कुणीतरी सांगून गेलं. यंत्राने फोटोखालची नवी पाटी मांडली. चित्रपटाचं नाव आलं, व्यक्तीचं आलं. रंगभूषाकाराची जागा मात्र कोरी राहिली आणि तिथली रेघ लुकलुकत राहिली, कारण उघड्या जखमेसमोर कुणाचं नाव लावायचं हे हेमांगीने त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

सुगंधाबाईंनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. गालावरचा पदर त्यांनी काढून टाकला होता.

“लिही की आता,” त्या म्हणाल्या. “हा गाल कुणी केला म्हणून लिहिणार?”