गिअर कोणी टाकला?

पटणार नसेल तर खुशाल हसा. पण ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या घरी, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हे घडलंय. आणि रात्रीबित्री नाही...

रविवारच्या भर दुपारी. लख्ख उन्हात.

ताईच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भाऊजींना, जुन्या गाड्यांचं वेड. या खेपेला त्यांनी आणलेली गाडी ताईपेक्षाही वयानं मोठी होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. दिसायला महाराणी, पण दुसरा गिअर टाकला की अडकायची आणि रिव्हर्स तर पडायचाच नाही.

"लिंकेज जुळत नाहीये. बाकी काही नाही," भाऊजी म्हणायचे.

हे 'बाकी काही नाही' ऐकून ताईचे कान किटले होते.

काम दोघांचं. भाऊजी गाडीखाली पाठीवर आडवे, ताई ड्रायव्हरच्या सीटवर. गिअरबॉक्सवरच्या दोन पट्ट्या न्यूट्रलला एका रेषेत आल्या, की त्यांच्या भोकांतून पिन आरपार जाते. मग वरून येणाऱ्या लिंकेजच्या दांड्यांची लांबी जमवायची, नट आवळायचे, पिन काढायची आणि एकेक गिअर टाकून बघायचा. भाऊजी खालून गिअर सांगणार. ताई तो टाकणार आणि मोठ्यानं म्हणणार, "टाकला." ते ऐकल्याशिवाय भाऊजी पट्ट्यांत हात घालत नसत. एकदा घाई केली होती, तर नख काळंनिळं झालं होतं.

ताईचं अर्धं लक्ष घरात. तिची लेक, ठमी, नुकती रांगायला लागलेली. आतल्या खोलीत एकटी झोपली होती. पलंगाच्या कडेला उशा रचल्या होत्या, तरी ताईचा जीव टांगणीला.

"दुसरा!"

"टाकला. ऐक ना, ती उठली असेल."

"उठली तर रडेल की. न्यूट्रल!"

"टाकला. आणि रांगत कडेला आली तर?"

"अगं, तू गिअर टाकतेस की कीर्तन करतेस? पिन जाता जाता राहिली बघ! पुन्हा!"

पुन्हा.

आणि पुन्हा.

पाना निसटला. तेल थेट डोळ्यात. भाऊजी गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. ताईनं दात आवळून धरले होते. 'तुला पोटच्या पोरीपेक्षा हे डबडं जास्त', हे अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात घरातून रडण्याचा आवाज आला.

"आले रे मी!" म्हणत ताई उतरली आणि धावत सुटली. नेमकी त्याच क्षणी भाऊजींनी खाली हातोडी घातली. तिचे शब्द त्यांना ऐकूच गेले नाहीत. पण हे कळलं नंतर.

ठमी पलंगाच्या अगदी टोकाशी आली होती. ताईनं तिला उचललं आणि परसाकडच्या खिडकीपाशी पाजायला बसली.

शेडमधून आवाज आला. "पहिला!"

ताई चडफडली. बायको उठून गेली तरी या माणसाला पत्ता नाही!

आणि मग...

"टाकला."

बाईचा आवाज.

ताईला वाटलं, सवयीनं आपणच बोललो. तिनं ओठ घट्ट मिटले.

"दुसरा!"

"...टाकला."

तिच्यासारखा नव्हे. तिचाच आवाज. फक्त त्यात वैताग नव्हता.

ठमीनं दूध सोडलं. मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं... आणि ओळखीचं हसली.

ताई तिला छातीशी कवटाळून शेडच्या दारात आली. गाडीखालून भाऊजींचे पाय दिसत होते.

सीटवर कुणीच नव्हतं.

"रिव्हर्स!"

गिअरचा दांडा हळूच हलला... सरकला... आणि अलगद जागेवर बसला. जरासुद्धा न अडखळता.

"टाकला," रिकाम्या सीटवरून आवाज आला.

"शाबास! सकाळपासून हेच तर सांगत होतो!"

ताई किंचाळली. "बाहेर ये! आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

"अगं थांब, शेवटचा नट..."

तिनं एका हातानं त्यांचा पाय धरला आणि होता नव्हता तो जोर लावून ओढलं.

भाऊजी घसरत बाहेर आले ते लालबुंद होऊन. "काय लावलंयस हे? आत्ता तर इतकी गोड बोलत होतीस!"

मग त्यांना तिच्या कडेवरची ठमी दिसली.

"हिला कधी आणलंस?"

"मी मघापासून घरात आहे. हिला पाजत होते."

भाऊजींनी वळून सीटकडे पाहिलं.

"मग... मघाशी जे म्हणालीस ते?"

"काय म्हणाले मी?"

"म्हणालीस, ठमीला आण आणि माझ्या मांडीवर दे. मी इथेच बसते..."

"आणि तू?"

"मी म्हटलं, हा एक नट आवळतो. मग आणतो."

शेडला त्या दिवशीच कुलूप लागलं. ताई लेकीला घेऊन माझ्याकडे आली. भाऊजींनी गाडी विकायला काढली.

मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. भला माणूस. शेडमध्ये एकटाच गाडीत बसला, सगळे गिअर टाकून पाहिले. भाऊजी बाहेर दारातच उभे. आत जायची त्यांची छाती नव्हती.

"लोण्यासारखा गिअर आहे हो!" तो आतूनच ओरडला.

मग गाडीचं दार वाजलं.

बाहेर आला तेव्हा जरा गोंधळलेला होता.

"तुमच्याकडे लहान बाळ आहे का?"

"का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही, तुमच्या मिसेस मागच्या सीटवरून विचारत होत्या. म्हणाल्या, इतका वेळ झाला, बाळाला अजून कसं आणलं नाही?"

ताई तेव्हा माझ्या घरी होती. माझ्या समोर. ठमीला भरवत.

गाडी अजून तिथेच आहे.

ताई आजही शेजारच्या खोलीतून हाक मारते, "ठमीला दे गं जरा इकडे."

मी आधी एकटी उठून जाते. तिचा चेहरा बघते. मगच ठमीला उचलते.