दोघंही एकदम बोलले

त्या दोघांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्यात एका दुमजली घराएवढंही अंतर नव्हतं, आणि तरी दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

कारण दोघंही विमानात होते.

ती छोट्या विमानातून जमिनीचे फोटो काढायची. नकाशे बनवणाऱ्या कचेरीला ते लागत. विमानतळावर सगळे तिला ‘नकाशेवाली’ म्हणत. तो डोंगरापलीकडच्या दवाखान्यांना औषधांची खोकी पोचवायचा, म्हणून ‘औषधवाला’. त्या दुपारी पावसाची सर येऊन गेली होती, ढगांच्या कडा उजळल्या होत्या... आणि दोघंही एकाच धावपट्टीकडे, एकाच वाटेने उतरत होते. ती वर, तो खाली.

असं घडतं कसं? दोन तळहात एकावर एक धरून बघा. तिच्या विमानाचे पंख पोटापाशी होते, त्यामुळे तिला खालचं दिसत नव्हतं. त्याच्या विमानाचे पंख छपरासारखे डोक्यावर, त्यामुळे त्याला वरचं दिसत नव्हतं. उतरताना रेडिओवर ‘मी उतरतोय’ असं सांगायचं असतं. दोघांनीही सांगितलं, पण नेमकं एकाच क्षणी. आणि रेडिओवर दोघं एकदम बोलले, की कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही.

दोघांनाही बघत होते ते फक्त मोठे सर, त्या छोट्या विमानतळाचे प्रमुख. मैदानात उभं राहून, आवाज न चढवता ते रेडिओवर म्हणाले, “नकाशेवाली, वर जा. आत्ता. औषधवाल्या, तू सरळ ये.”

ती वर गेली. वळताना तिच्या विमानाचा पंख कलला आणि खाली एक पांढरं विमान दिसलं... इतकं जवळ, की त्याच्या पंखावरचे खिळे मोजता आले असते.

उतरल्यावर ती तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत.”

“मीही सांगितलं होतं.”

“मग मी बहिरा असेन.”

“आंधळेही असाल.”

“छपरातून आरपार बघायची विद्या मला कुणी शिकवली नाही हो.”

“भांडून झालं की चहा घ्या,” मागून मोठे सर म्हणाले, “आणि उद्यापासून जागा बदला.”

ही त्यांची रीत होती. ज्यांची विमानं हवेत फार जवळ आली, त्यांनी एकमेकांच्या विमानात बसून तीच वाट पुन्हा उतरायची. ते झाल्याशिवाय एकट्याने उडायचं नाही. चूक कुणाची ते नंतर. आधी दुसऱ्याला काय दिसत होतं ते बघा, असं त्यांचं म्हणणं.

पण त्या संध्याकाळी ते पांढरं विमान तिच्या डोळ्यांपुढून काही हलेना. घरी जेवताना ती मावशीला म्हणाली, “मी आता टेबलाचं काम मागून घेते. फोटो जुळवत बसेन.”

“घे की,” मावशी म्हणाली. “फक्त विमानाचा आवाज आला की जेवण टाकून गच्चीवर पळू नकोस म्हणजे झालं.”

लहानपणापासून तिला एकच गोष्ट हवी होती, उडणं, आणि आता तिचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या विमानात बसली. धावपट्टी समोर आली तसा तो म्हणाला, “आता वर बघा. काय दिसतं?”

तिने मान वाकडी करून पाहिलं. “पंख... नुसता पंख.”

“त्याच्या वर तुम्ही होता.”

ती हळूच म्हणाली, “आंधळे म्हटलं ते मागे घेते.”

“आणि बहिरा?”

“ते मी म्हटलंच नव्हतं. तुम्ही आपणहून झालात.”

तो हसला. हसताना तो खाली बघायचा, हे तिला तेव्हा कळलं.

मग तिच्या विमानाची पाळी आली. उतरायच्या वाटेवर वळताच तिचे हात थिजले. “तुम्ही... तुम्ही घ्या.”

“मला जमायचं नाही. पंख डोक्यावर असले तरच मला सुचतं,” तो शांतपणे म्हणाला. “तुम्ही थोडं कलवा. तुम्ही डावीकडचं बघा, मी उजवीकडचं.”

तिने विमान इकडे कलवलं, तिकडे कलवलं. खाली ओलं गवत, तारेचं कुंपण, वाळत घातलेली कुणाची तरी चादर.

“रिकामं,” ती म्हणाली.

“रिकामं,” तो म्हणाला.

ती उतरली. चाकं अगदी अलगद टेकली. तो म्हणाला, “माझ्या औषधांची एकही बाटली फुटली नसती.” तिला आजवर मिळालेल्या कौतुकात हे सगळ्यात छान होतं.

असे काही दिवस गेले. नंतर नंतर जागा बदलायची गरज उरली नव्हती, पण मोठ्या सरांनी तो विषय काढला नाही, आणि या दोघांनीही आठवण करून दिली नाही. शेवटी एका सकाळी सर चष्मा पुसत म्हणाले, “पोरी, आज एकटी.”

तो डोंगरापलीकडे गेला होता. शेजारची खुर्ची रिकामी. परतीच्या वाटेवर तिने विमान दोन्हीकडे कलवून खाली पाहिलं, रेडिओवर आपलं सांगितलं, आणि थोडं थांबून ऐकलं. एकटीने ऐकताना ती शांतता फार मोठी वाटली. तिने दांडा घट्ट धरला...

“खाली मी आहे,” रेडिओवर त्याचा आवाज आला. “तुमच्या पुढे. आधी मी उतरतो. मागून या, घाई नाही.”

तिने पुन्हा पंख कलवला. खाली ते पांढरं विमान होतं, लांब, व्यवस्थित लांब.

“दिसलात,” ती म्हणाली. दांड्यावरची पकड सैल झाली होती.

ती उतरली तेव्हा तो तारेच्या कुंपणापाशी उभा होता, औषधाचं रिकामं खोकं छातीशी धरून. टेबलाचं काम आता कुणी दिलं तरी ती घेणार नव्हती, हे तिला त्याला सांगायचं होतं. पण जवळ गेल्यावर ते राहिलंच. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, आणि दोघंही एकदम बोलले —

“तुम्ही मला आवडता.”

हवेत असं झालं असतं तर दोघांनाही काही ऐकू गेलं नसतं. जमिनीवर मात्र एकूण एक शब्द पोचला.

तो खाली बघून हसला. “ऐकलंत?”

“ऐकलं,” ती म्हणाली. “पण असं एकदम बोलायचं नसतं. परत सांगा. आधी तुम्ही... मग मी.”