ठीक असल्यास एक दाबा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने इथेच थांबावं, माझं काही जात नाही.

अमावस्येची रात्र, पिंपळ, ओसाड बंगला असलं काही शोधत असाल तर तेही इथे नाही. मंगळवार होता. दुपारचे अडीच. आमच्या ऑफिसचा तिसरा मजला, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि एसी इतका कडक की बायका उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसतात.

भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण लिहायला बसले ते भीतीने नाही. किळस येते म्हणून. आठ महिने झाले, अजून जेवताना मध्येच आठवतं आणि तोंडातला घास थुंकावा लागतो.

मी विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासते. बावीस वर्षं झाली. आधी स्कूटरवरून गॅरेजं पालथी घालायचे. गाडीखाली वाकायचं, सीटवर हात फिरवायचा, वास घ्यायचा. हो, वास! जळकं ऑइल, ओलं सीट कव्हर, आणि कधीकधी फिनाइलखाली दाबलेला तो दुसरा वास. एकदा नाकात बसला की आठवडाभर निघत नाही. तरी त्या वासांनीच मला काम शिकवलं.

मग नवं नेटवर्क आलं. भन्नाट वेगाचं. आता मी खुर्चीतून हलत नाही. गॅरेजवाला मोबाइलचा कॅमेरा गाडीभोवती फिरवतो, मी इकडे स्क्रीनवर बघते. केसाएवढा ओरखडा दिसतो. शिवाय प्रत्येक गाडीत आमची एक डबी बसवलेली. वेग किती, ब्रेक कधी दाबला, पट्टा लावला होता का, फोन चालू होता का, सगळं त्याच क्षणी आमच्याकडे. माणूस गाडीतून बाहेर पडायच्या आत इथे त्याची फाइल तयार. तो बाहेर पडला नाही तरीही तयार.

साहेबाचा हुकूम होता, एक गाडी बारा मिनिटांत निकालात काढायची. म्हणून त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला 'बारामिनिटे' म्हणायचो, आडनाव असल्यासारखं. वयाने माझ्या भाच्याएवढा. पेनाच्या टोपणाने कान कोरायचा, आणि मग तेच टोपण दातांत धरून विचार करायचा. ई! आत्ता लिहितानाही शिसारी येतेय.

त्या मंगळवारी माझ्याकडे एक करड्या रंगाची छोटी गाडी आली. चालवणारी बाई गेली होती. वय शेचाळीस. सतरा वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. आदल्या गुरुवारी सकाळी सहाला, सरळ मोकळ्या रस्त्यावर, तिची गाडी कडेला उभ्या असलेल्या ट्रकमध्ये मागून घुसली.

सतरा वर्षं शिकवणारी बाई. आणि उभ्या ट्रकमध्ये?

डबीची नोंद बघितली. 'फोन वापरात: होय.'

"घ्या! लोकां सांगे ब्रह्मज्ञान," मी तोंडातल्या तोंडात म्हणाले. जीभ झडली नाही माझी.

अडीचला मी गॅरेजच्या मेस्त्रीला व्हिडिओ कॉल लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

पण कुणी बोललं नाही.

"मेस्त्री, चला, पुढून सुरुवात करा," मी म्हणाले.

कॅमेरा हलला. हळू... अगदी हळू.

गॅरेजवाले कॅमेरा कसा धरतात ते मला पाठ आहे. दहा गचके, मध्येच अंगठा, मागे रेडिओ आणि हातोडीचा ठणाणा. इथे एक गचका नाही. हातोडी नाही. रेडिओ नाही...

पावलांचाही आवाज नाही.

"बॉनेट दाखवा." दाखवलं. "डावं चाक." दाखवलं.

"वा मेस्त्री, आज शहाण्यासारखं काम चाललंय तुमचं!" मी चेष्टेने म्हणाले.

कॅमेरा गाडीला वळसा घालून चेपलेल्या उजव्या दरवाजाशी आला.

"आता ड्रायव्हरची सीट."

कॅमेरा थांबला.

मग चित्र आत गेलं. त्या बाजूचा दरवाजा चेपून कायमचा बंद झाला होता, मी आत्ताच बघितला होता. तरी आत गेलं. आणि मला सीट काही दिसेना. समोर स्टिअरिंग दिसायला लागलं, त्यापलीकडे फुटलेली काच. बसलेल्या माणसाला दिसतं, अगदी तसं.

चित्राच्या कोपऱ्यात... पट्टा.

लावलेला. ताणलेला.

तो पट्टा तर पोलिसांनी कापून तिला बाहेर काढलं होतं. कापलेल्या पट्ट्याचा फोटो माझ्या फाइलमध्ये होता.

कॅमेरा वर सरकला. काचेच्या तड्यांत केस अडकले होते. लांब, रंगवलेले, मुळाशी पांढरे. मुळांना काहीतरी वाळून चिकटलेलं. त्यावर एक माशी बसली होती. चित्र इतकं स्वच्छ की ती पाय चोळतेय तेही दिसलं.

कुणी मागितलं होतं हो हे इतकं स्वच्छ?

आणि मग... वास आला.

स्क्रीनमधून वास येत नाही, एवढी अक्कल मलाही आहे. पण आला. फिनाइल, आणि त्याच्याखाली तो दुसरा. मी पटकन रुमाल काढून नाकाला लावला. शेजारच्या टेबलावरच्या ताई डबा खात होत्या. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, काय मेलंय इथे?"

म्हणजे माझा एकटीचा भास नव्हता.

कॅमेरा मधल्या आरशाकडे वळला. त्यात मोबाइल धरलेला माणूस दिसायला हवा होता.

आरशात रिकामी सीट होती. आणि हवेत ताणलेला पट्टा... जरा वर, जरा खाली. श्वास घेतल्यासारखा.

मग गाडीच्या स्पीकरमधून आवाज आला.

"नमस्कार! आपण ठीक आहात ना? ठीक असल्यास एक दाबा."

तो आवाज माझा होता.

मी कॉल कट केला. तेवढ्यात मोबाइल वाजला. मेस्त्री.

"मॅडम, अडीचला करणार होतात ना व्हिडिओ? मला जरा उशीर झाला, अजून घरी जेवतोय. जाऊन उघडू का गॅरेज?"

मी एवढंच विचारलं, "गाडीची बॅटरी..."

"ती गुरुवारीच काढून बाकावर ठेवलीय. का हो? काय झालं?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

माझ्या स्क्रीनवर मात्र नोंद होती: व्हिडिओ कॉल, चार मिनिटं.

आता त्या आवाजाचं सांगते. तीन वर्षांपूर्वी कंपनीने माझा आवाज रेकॉर्ड केला होता. गोड आहे म्हणे. गाडीला जोरात ब्रेक लागला की डबी आपोआप चालवणाऱ्याच्या मोबाइलवर फोन लावते आणि चौकशी करते. उचलावाही लागत नाही, आपोआप उचलला जातो, गाडीच्या स्पीकरवर, मोठ्या आवाजात. जुन्या नेटवर्कवर तो मिनिटाभराने लागायचा, तोवर माणूस बाजूला थांबून पाणी पीत असायचा. आणि आता?

मी नोंदी उघडल्या. सहा वाजून तीन मिनिटं, दहा सेकंद: ब्रेक. बाराव्या सेकंदाला: फोन. पंधराव्याला: धडक.

ते रेकॉर्डिंगही होतं. कानात लावून ऐकलं. इच्छा नव्हती, पण ऐकलं. फोन सुरू होताच तिचा आवाज आला, "वाचलास रे बाबा!" कुणाला म्हणाली? कुत्रंबित्रं असणार. त्या मोकळ्या रस्त्यावर तिने एक जीव वाचवला होता आणि ती हसत होती. आणि तिच्या कानाशी मी किंचाळले, "नमस्कार!"

ती दचकून ओरडली, इंजिन एकदम गरजलं, आणि पुढे नुसता लोखंडाचा आवाज.

मग दर अर्ध्या मिनिटाने मीच. आपण ठीक आहात ना? ठीक असल्यास एक दाबा. साखर घोळलेल्या आवाजात. दहा मिनिटं उत्तर आलं नाही तरच मदत पाठवायची, असा नियम. मध्ये मध्ये तिचा श्वास. आधी घरघर... मग लांब लांब... मग तोही नाही. अकराव्या मिनिटाला मी म्हणाले, "आमची सेवा कशी वाटली? एक ते पाचमध्ये गुण द्या."

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

तोंड धुऊन थेट बारामिनिटेकडे गेले. सगळं ऐकवलं. त्याने चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं, तर बोटाने काढून खाल्लं.

"मॅडम, अशा अकरा फाइली आहेत," तो म्हणाला. "माहितीये आम्हाला. सुधारणा चाललीय."

"सुधारणा? अरे, आपणच मारलं तिला! आणि रिपोर्टमध्ये चूक तिची लिहायची?"

"फोन वापरात होता की नव्हता? होता. मग खोटं कुठे लिहितोय आपण? होय किंवा नाही, दोनच रकाने आहेत." त्याने टोपण दातांत धरलं. "आणि आवाज कुणाचा आहे, तो विचार करा. पहिलं नाव तुमचंच येईल."

मी घाबरले. लाज वाटते सांगायला. टेबलावर आले, 'होय'वर दाबलं, सही केली. काय ते नवं नेटवर्क, रिपोर्ट पुढच्या सेकंदाला तिच्या घरी पोचला.

संध्याकाळी सहाला फोन आला. कोवळा आवाज.

"मॅडम, मी त्यांची मुलगी. रिपोर्टवर तुमची सही आहे ना? फोन वापरात होता असं लिहिलंय."

"हो..."

"तो फोन माझा होता. मी बस स्टँडवर उभी होते, आई मला घ्यायला येत होती. उशीर झाला म्हणून मी फोन केला. कुठे आहेस, किती वेळ, असं ओरडणार होते. एक रिंग गेली आणि कट झाला. मग सारखा व्यस्त. ती कधी गाडीत फोनला हात लावत नव्हती हो. माझा होता म्हणूनच लावला असेल. म्हणजे मीच ना, मॅडम? मीच मारलं ना आईला?"

ती रडत नव्हती. तेच फार वाईट होतं. हिशोब जुळल्यासारखी बोलत होती.

"बाबा म्हणतात जेव. माझ्या घशाखाली उतरत नाही. तुम्ही फक्त हो म्हणा, म्हणजे मला कळेल तरी."

माझ्या समोर नोंद उघडीच होती. तिचा फोन सहा वाजून चार मिनिटांनी. धडकेनंतर पाऊण मिनिटाने.

फोनवर तिच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं... लांब लांब.

"घरात कोण आहे गं तुझ्याजवळ?"

"कुणी नाही. बाबा खाली गेलेत."

मी ओळखला तो श्वास. अकरा मिनिटं ऐकला होता.

"बाळा, नीट ऐक," मी म्हणाले. "तुझा फोन गेला तेव्हा धडक होऊन गेली होती. आईने फोनला हातही लावला नाही. तो फोन आमचा होता. आपोआप लागला आणि तिच्या कानाशी मोठ्याने ओरडला. आणि तो आवाज... माझा होता. मी खोट्यावर सही केलीय."

मग ती रडायला लागली. अशी रडली की ऐकवेना.

मागचा श्वास थांबला होता.

त्याच रात्री मी सगळं लिहून काढलं. नोंदी, रेकॉर्डिंग, अकराच्या अकरा फाइली, सगळं मुख्य कार्यालयात आणि पोलिसांकडे दिलं. बारामिनिटे पांढरा फटक पडला. तीन आठवड्यांनी तिचा एक रिपोर्ट बदलून आला. 'फोन वापरात: नाही. चूक चालकाची नाही.' बाकीच्या दहा अजून 'विचाराधीन' आहेत. तो फोनही अजून तसाच लागतो. आवाज तेवढा दुसऱ्या बाईचा घेतला. थू!

नवा रिपोर्ट न्यायला मुलगी स्वतः आली. बारीक, डोळ्यांखाली काळं, पण आता जेवतेय म्हणाली. मला बरं वाटलं.

खुर्चीत बसता बसता ती थबकली. ट्यूबलाइटकडे बघितलं, माझ्या स्वेटरकडे, मग माझ्या तोंडाकडे.

"मी तुम्हाला बघितलंय," ती म्हणाली.

"मला? कुठे गं?"

"त्या मंगळवारी दुपारी. मला आईच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला होता. तिचा मोबाइल तर पोलिसांकडे होता. मला वाटलं त्यांनीच लावला. त्यात हे ऑफिस होतं. तुम्ही याच खुर्चीत होतात, अगदी समोर. मी हॅलो हॅलो करत होते, तुम्हाला ऐकू जात नव्हतं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मग तुम्ही नाकाला रुमाल लावलात..."

रिपोर्टवरच्या तपासणीच्या वेळेवर तिने बोट ठेवलं, मग घडी घातली. रागावली नव्हती. खरंच विचारत होती.

"माझ्या आईचा इतका वास येत होता का हो?"

मी मान खाली घातली. शेजारच्या ताई उठून बाहेर गेल्या. मुलगी "येते मॅडम" म्हणून निघून गेली.

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.