चॅम्पियनच्या मापाची सायकल

पहिल्याच भेटीत तो माझ्या पायाशी पडला. अगदी खराखुरा, दाणकन.

रविवार होता, सकाळचे आठ. पातियोसच्या चढणीच्या माथ्यावर, टोलनाक्याला लागून आमची टपरी आहे, माझी आणि आईची. खाली बोगोता शहर, वर धुकं, आणि मधल्या वळणांवरून हाशहुश करत येणारे शेकडो सायकलवाले. तो टपरीसमोर येऊन थांबला. म्हणजे सायकल थांबली. पेडलमध्ये अडकवलेले बूट टाच वळवून सोडवायचे असतात, हे मात्र तो विसरला. मग मोठ्या सभ्यपणाने, हळूहळू... तो आडवा झाला.

"सायकल... सायकलला काही झालं का?" जमिनीवरून त्याचा पहिला प्रश्न.

"सायकल ठणठणीत आहे. गुडघ्याचं विचारा, चॅम्पियन."

आमच्याकडे टपरीवर येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला चॅम्पियन म्हणतात. त्याने आमचं काही जात नाही आणि त्याच्या पायात बळ येतं.

"मी चॅम्पियन नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

"ते दिसतंय."

त्याने वर पाहिलं. धुक्याचे थेंब पापण्यांवर बसले होते, आणि डोळे असे हसरे, की मी उगाच ओट्यावरचं फडकं झटकलं.

हेल्मेटपासून मोज्यांपर्यंत तो निळ्या-नारिंगी रंगात होता. आमच्या डोंगरातला जो पोरगा युरोपात शर्यती जिंकतो, ज्याच्यापायी अख्खा देश वेडा झालाय, त्याच्या संघाचा हा पोशाख. बाहीवर कंपन्यांची नावं, पाठीवर कंपन्यांची नावं. आणि सायकल... आई म्हणाली, एवढ्या पैशात आमच्या गावी घर उभं राहतं, वर दोन गाई.

"किती वेळ लागला चढायला?" मी गुळाचं गरम पाणी पुढे केलं, त्यात नेहमीसारखे चीजचे तुकडे.

"सत्तेचाळीस मिनिटं. दोनदा थांबलो. एकदा फोटो काढायला."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा... श्वास शोधायला."

मी हसले. त्याला तेच हवं असावं, कारण पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

नाव लिसांद्रो. धंदा दातांच्या डॉक्टरचा. हे कळल्यावर आईने त्याच्या पेल्यात दुप्पट गूळ घालायला सुरुवात केली. "पी रे बाळा, तुझा धंदा चालायला हवा," असं वर म्हणायची. आणि पेरूची वडी त्याच्या हातात कोंबायची. तो दाढेचा विचार न करता खायचा, आणि खाताना माझ्याकडे बघायचा. माझी जीभ मात्र गप्प राहणारी नाही.

"दुसऱ्याच्या संघाचे कपडे घालून फिरायला लाज नाही वाटत?" तिसऱ्या रविवारी मी विचारलंच.

त्याने पेला खाली ठेवला. "आठवडाभर मी लोकांच्या तोंडात डोकावतो, नेल्सी. सगळे माझ्यासमोर घाबरलेले असतात. रविवारी तीन तास मला असं कुणीतरी व्हायचं असतं ज्याला बघून लोक टाळ्या वाजवतात. त्यात कुणाचं काय बिघडतं?"

कुणाचंच नाही. मी त्याचा पेला पुन्हा भरला.

पण चौथ्या रविवारी तो कंबर धरून उतरला.

"पाठ," तो म्हणाला. "आणि मान. आणि गुडघे थेट छातीला येतात."

भुरभुर पाऊस सुरू झाला होता. सायकल छपराखाली आणावी म्हणून मी तिच्यावर बसले... आणि छपराखाली आणलीच नाही. टोलनाक्याला एक वळसा घातला, मग दुसरा. पाय जिथे पडायला हवे होते तिथेच पडत होते, हात न शोधता हँडलवर जात होते. पाऊस तोंडावर येत होता आणि मला थांबायचं नव्हतं.

परत आले तेव्हा तो छपराखाली उभा राहून माझ्याकडे एकटक पाहत होता.

"ही सायकल कुणी मापून दिली तुम्हाला?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "दुकानदार म्हणाला होता माप घेऊ. मी नको म्हटलं. मला... अगदी त्याचीच हवी होती. चॅम्पियनची. त्याच्याच मापाची."

मला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा बाकावर बसावं लागलं. आमचा चॅम्पियन डोंगरातला, बुटका, माझ्याएवढा. हा दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा.

"हसून घ्या," तो म्हणाला.

"घेतेय की..." मी डोळे पुसले.

"झालं? आता तुमच्या सायकलविषयी बोलू." त्याने भिंतीला टेकलेल्या माझ्या सायकलकडे बोट केलं. ती बाबांची जुनी, लोखंडी. बाबा आता ट्रकवर असतात. ते उंच, म्हणून सीट पार तळाला दाबलेली, तरी माझे पाय जेमतेम पुरायचे. "पुढच्या रविवारी निवड आहे ना? आई म्हणत होत्या."

आई भांडी घासण्यात फार गुंग झाली.

होती निवड. मुलींचा एक संघ आमच्याच चढणीवर एक मुलगी निवडायला येणार होता. फक्त एक, जी सगळ्यात आधी वर पोहोचेल ती. तेविसाव्या वर्षापर्यंतच घेतात. माझं तेविसावं चालू होतं. गेल्या वर्षी नऊ सेकंदांनी माझी संधी गेली होती, आणि त्यानंतर आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नव्हते.

"माझी घेऊन जा," तो म्हणाला.

"मला उसनं काही नको."

"उसनं कोण देतंय? अदलाबदल म्हणतोय. ती तुमच्या मापाची, ही माझ्या. तुम्ही माझी घ्या, मी तुमच्या बाबांची घेतो. माझी पाठ वाचेल. उपकार झाला तर माझ्यावर होईल."

"आणि मी पाडली तर?"

"तर मी विचारीन, सायकलला काही झालं का." तो थांबला. "नाही... आधी तुमच्या गुडघ्याचं विचारीन."

मी मान फिरवली, कारण गाल तापले होते. मग पाना आणला. बाबांच्या सायकलची सीट मी वर ओढली आणि तो चढून बसला. एक वळसा घालून आला तो ताठ पाठीने, हसत. मग ज्याच्या त्याच्या बुटांना बसावीत म्हणून आम्ही बराच वेळ दोन्ही सायकलींची पेडलं बदलत बसलो. त्या कामाला एवढा वेळ लागत नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं. बोटं दोनदा एकमेकांना लागली, आणि दोन्ही वेळा कुणी "सॉरी" म्हटलं नाही.

"मी त्या दिवशी तुमच्या मागून निघेन," जाताना तो म्हणाला. "शर्यत सुटली की. तुमच्या बाबांच्या सायकलवर. न थांबता येतो की नाही बघा."

"नाही आलात तर?"

"येईन, नेल्सी."

रविवारी आम्ही एकोणीस जणी होतो. पहिले दोन किलोमीटर मी कुणाच्या तरी मागेच राहिले, मग पाय मोकळे सोडले. ती सायकल माझ्याखाली नव्हतीच जणू, नुसती मी होते आणि चढ. शेवटच्या वळणावर माझ्यासोबत एकच उरली, तुंखा गावची एक दणकट पोरगी, माझ्यासारखीच हट्टी. मी सीटवरून उठले. तिचा श्वास माझ्या खांद्याशी होता, मग पाठीशी, मग ऐकू येईना.

मी अकरा सेकंदांनी पुढे होते.

प्रशिक्षक अदेलाबाई गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्याच होत्या. "सही कर. बुधवारी मेदेयिनला निघायचं, तिथून स्पेन. डिसेंबरपर्यंत घर विसरायचं."

मी पेन घेतलं. आणि वळणाकडे पाहिलं.

"बाई, मला थोडा वेळ द्या."

"कशासाठी? वर्षभर याचीच वाट बघत होतीस ना?"

"माझं माणूस वर येतंय."

माझं. तोंडातून गेलं ते गेलंच. आईने पळी हवेत धरून माझ्याकडे बघितलं, मग मुकाट्याने आणखी एक पेला भरला.

इतकी वाट मी निवडीची पाहिली नव्हती. जिंकले होते, पण नजर वळणावरून हटत नव्हती. बुधवार दोन पावलांवर होता आणि मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं... नुसतं चिडवलं होतं.

धुक्यातून निळं-नारिंगी काहीतरी हललं. बाबांची ती जड सायकल, तोंड उघडं, घामाने निथळणारा माणूस. पण पाय फिरत होते. टपरीपाशी आला, टाच वळवली, बूट सुटले आणि तो उभ्याने उतरला. हाताने हँडल धरून नुसता धापा टाकत राहिला.

"बोलू नका," मी म्हटलं. "मी जिंकले."

त्याने डोळे मिटले आणि मान हलवली.

"बुधवारी जायचंय. डिसेंबरपर्यंत नाही."

पुन्हा मान, पण या वेळी हळू.

"मला तुम्ही आवडता, लिसांद्रो. खूप. ही चेष्टा नाही. तुम्हालाही तसं असेल तर नुसती मान हलवा, श्वास खर्च करू नका."

त्याने मान हलवली नाही. हात वर केला... थांब म्हणून. माझी सगळी ऐट उतरली. टोलनाक्यावरची माणसं, अदेलाबाई, तुंखाची पोरगी, सगळे बघत होते. एक श्वास गेला. दुसरा. तिसरा.

"मान हलवून कसं चालेल?" तो म्हणाला. "साडेसहा किलोमीटर पाठ करत आलोय. म्हणू तर दे."

"म्हणा."

"तू मला आवडतेस. पहिल्या रविवारपासून. तू डिसेंबरला येशील, मग पुन्हा जाशील, मग पुन्हा येशील. ते माझ्याच्याने निभावेल. तू न जाता इथे राहिलीस, तर मात्र नाही निभावणार." त्याने माझा हात धरला. "आता सही कर. बाईंना किती ताटकळत ठेवशील?"

मी गाडीकडे वळले. त्याने धरलेला हात उजवा होता, आणि तो सोडवून घ्यायला माझं मन तयार नव्हतं. म्हणून सही मी डाव्या हाताने केली. फार वाकडी आली. अदेलाबाईंनी ती पाहिली, मग आमच्या हातांकडे पाहिलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.