समाधान झाल्याची सही

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. आमच्या ताईच्या घरी जाऊन तिच्यासमोर हसू मात्र नका.

घडली ती माझ्या दाजींच्या बाबतीत. दाजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस तसा भित्रा नाही. नगरपालिकेच्या कचेरीत, तक्रारींच्या खिडकीत एकवीस वर्षं बसलेला माणूस भुताला काय घाबरणार? रोज पन्नास जिवंत माणसं त्याला शिव्याशाप देऊन जातात.

आणि रात्रबित्रही नव्हती.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. ट्यूबलाइट चालू. पंखा चालू. मागच्या टेबलावर टायपिस्टबाई शेंगा सोलत बसलेल्या.

पण साडेतीनचं महत्त्व कळायला आधी मास्तर आणि बाई कळायला हवेत.

मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकलेचे मास्तर. बाई म्हणजे त्यांची बायको, निवृत्त नर्स. मूलबाळ नाही. सगळा जीव गावावर. कुठे दिवा बंद, कुठे गटाराचं झाकण गायब, कुठे पाइप गळतोय… दोघं अर्ज घेऊन हजर. दर मंगळवारी, साडेतीन वाजता. अकरा वर्षं, एकही खाडा नाही. मास्तर अर्ज वाचून दाखवायचे आणि बाई शेवटी एकच विचारायच्या, "तुम्ही स्वतः जाऊन बघाल ना हो?"

"बघतो की!" दाजी म्हणायचे.

कचेरीत त्यांना नाव पडलं होतं, अर्जोबा आणि अर्जीबाई.

आता कचेरीची एक पद्धत. तक्रार बंद करायची तर तक्रारदाराची सही लागते. छापील चिठ्ठी असते, 'काम झाले, माझे समाधान झाले.' त्याखाली सही. काम झालं नाही तर माणूस सही कशी करेल?

म्हणून ती दाजी करायचे.

"त्यात काय! त्यांचा हेलपाटा वाचतो," असं ते ताईला सांगायचे.

मास्तर आणि बाईंच्या सह्या तर दाजींच्या हाताला इतक्या बसल्या होत्या, की फोनवर बोलता बोलता व्हायच्या. वर मास्तरांची, खाली बाईंची.

शेवटचा अर्ज होता कालव्यावरच्या पायपुलाचा. कठड्याचे तीन खांब बुडाशी गंजलेत, शाळेची मुलं टेकून उभी राहतात, कुणीतरी पडेल. दाजींना त्या दिवशी लवकर निघायचं होतं. त्यांनी अर्जावर लाल शाईने शेरा मारला, 'मोजमाप जोडावे', आणि परत दिला. असला शेरा मारला की माणूस पुन्हा येत नाही, हा एकवीस वर्षांचा अनुभव.

पण ही माणसं वेगळी होती.

शनिवारी सकाळी दोघं टेप घेऊन पुलावर गेली. मास्तर खांबाचं बूड मोजायला बाहेर वाकले. बाईंनी मागून त्यांचा शर्ट धरला. पुलाजवळच्या चहावाल्याने बाईंचा आवाज ऐकला, "थांबा हो, मी धरलंय तुम्हाला."

मग पाण्याचा आवाज.

मोजमाप पूर्ण झालं होतं. वही कठड्यावर सापडली.

सोमवारी साहेबांनी दाजींना आत बोलावलं. "त्या पुलाची तक्रार आपल्याकडे उघडी नाही ना?"

"नाही साहेब," दाजी म्हणाले. खिडकीवर आले. मास्तरांचा अर्ज शेऱ्यासकट मास्तरांबरोबर कालव्यात गेला होता. कचेरीच्या वहीत फक्त नोंद होती. तिला चिठ्ठी जोडली, भरली आणि दोन सह्या ठोकल्या. हाताला सवय. खाली तारीखही टाकली…

सोमवारची.

माणसं शनिवारी मेली. समाधान सोमवारी झालं.

मंगळवारी शोकसभा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते दाजींनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मास्तर दिसले की मागच्या दाराने पळणारे साहेब म्हणाले, "ते माझे मार्गदर्शक होते." टायपिस्टबाईंनी डोळे पुसले. ठराव झाला, पायपुलाला दोघांचं नाव द्यायचं.

कठडा दुरुस्त करायचा ठराव झाला नाही. तो दुरुस्तच होता. कागद होता ना!

सभा संपली. दाजी खिडकीवर येऊन बसले. साडेतीन वाजले.

आणि…

खिडकीसमोरच्या दोन खुर्च्या सरकल्या.

एक आधी. दुसरी, जराशी थांबून. बाईंचा गुडघा दुखायचा.

दाजींनी मान वर केली. कुणीच नव्हतं. खुर्च्या मात्र ओल्या होत्या. खाली पाण्याचं थारोळं.

"कुणी सांडलं रे हे?" शिपाई ओरडला. "सांडणाऱ्याच्या बापाचं काय जातंय, पुसतोय मी!"

दुसरा मंगळवार.

साडेतीनला समोरून कुजबुज आली. कुणीतरी सावकाश वाचत होतं. शब्द कळत नव्हते. चाल मात्र ओळखीची होती. शेवटी आवाज वर चढला… जणू कुणी काही विचारलं.

मग शांतता. उत्तराची वाट बघणारी.

"बघतो की…" दाजींच्या तोंडून निघून गेलं.

टायपिस्टबाई वळल्या. "कुणाशी बोलताय हो?"

दाजींनी घाईघाईने कपाट उघडलं. ती चिठ्ठी काढून फाडूनच टाकायची होती. चिठ्ठी गठ्ठ्यात सगळ्यात वर होती. त्यांनी सहीवर बोट ठेवलं.

बोट निळं झालं.

आठ दिवस उलटले होते. शाई अजून ओली होती.

दाजींनी चिठ्ठी आत सारली. कपाट तसंच बंद केलं. घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. ताई फटकळ. म्हणाली, "पित्त झालंय तुम्हाला. आणि झालं नसेल तर साहेबांना जाऊन खरं काय ते सांगा."

"नोकरी जाईल."

"मग पित्तच झालंय म्हणा."

तिसऱ्या मंगळवारी खुर्च्या सरकल्या नाहीत. कुजबुज नाही. काहीच नाही. दाजींनी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात कानाशी, अगदी कानाशी…

"थांबा हो, मी धरलंय तुम्हाला."

 यानंतर पाण्याचा आवाज यायला हवा होता.

तो आला नाही.

पाच वाजेपर्यंत दाजी त्याची वाट बघत बसले. ते म्हणतात, इतकं भयंकर त्यांनी आयुष्यात काही ऐकलं नाही. म्हणजे… ऐकलं नाही, तेच.

नामकरण गुरुवारी सकाळी होतं. पुलावर मांडव. साहेब, साहेबांचे साहेब, माइकवाला. मास्तर-बाईंचा पुरुषभर उंचीचा फोटो, लाकडी चौकटीत. तो उभा कुठे करायचा? कुणीतरी तारेने कठड्यालाच आवळून टाकला. त्याच तीन खांबांना!

आणि गाणं म्हणायला शाळेच्या मुली आणल्या होत्या. फोटोच्या दोन्ही बाजूंना, कठड्याला टेकून रांग.

रांगेतली तिसरी मुलगी दाजींची. आमची चिमी. वय वर्षं आठ.

घरी सांगितलंच नव्हतं तिने. बाबांना गंमत दाखवायची होती.

दाजी धावायला गेले… आणि पुढे जाताच येईना. मागून कुणीतरी त्यांचा शर्ट धरला होता. त्यांनी वळून पाहिलं. मागे नुसता रस्ता.

साहेब माइकवर बोलत होते. मुली टाचा उंचावून मागे रेलत होत्या.

"चिमे! पुढे ये!" दाजी किंचाळले. "सगळ्या पुढे या! कठडा सोडा!"

साहेब थांबले. "काय झालं हो? दुरुस्त झालाय तो."

"नाही झाला! कुणी बघायलाच गेलं नाही! ती सही त्यांची नाही, साहेब, माझी आहे! सगळ्या सह्या माझ्या आहेत!"

 शाळेच्या बाईंनी मुलींना घाबरून पुढे ओढलं. साहेब कसनुसं हसले. "कामाचा ताण हो, कामाचा ताण…" असं म्हणत त्यांनी लोकांना दाखवायला कठड्यावर दोन थापा मारल्या.

पहिली थाप.

दुसरी थाप.

तिन्ही खांब बुडापासून निघाले. कठडा गेला. त्याला बांधलेला फोटोही गेला. दोघं त्याच जागेवरून दुसऱ्यांदा कालव्यात पडली. या वेळी चौकटीसकट.

खालून पाण्याचा आवाज आला.

त्याच क्षणी दाजींचा शर्ट सुटला.

आता तुम्ही म्हणाल, चला, खरं बाहेर आलं. थांबा.

चौकशी बसली. दाजींनी सगळं लिहून दिलं, तारखेची भानगडसुद्धा. सह्या तपासायला तज्ज्ञ आला. ताडून बघायला त्याला मास्तर-बाईंच्या जुन्या सह्या हव्या होत्या. कचेरीत अर्ज तीन वर्षांनी रद्दीत जातात, आणि यांचे अर्ज तर साहेबांनी तीन दिवसांतच रद्दीत घातले होते. समाधानाच्या चिठ्ठ्या मात्र कायम जपून ठेवतात. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्याच्यासमोर ठेवले.

सगळ्या दाजींच्या हातच्या.

तज्ज्ञाने भिंग लावून पाहिलं. सही तंतोतंत जुळली. शंकेला जागा नाही, सही तक्रारदारांचीच.

"पण तारीख?" दाजींनी विचारलं. "माणसं मेल्यावर सही कशी करतील?"

"नजरचुकीने पुढची पडली असेल," चौकशी अधिकारी म्हणाले. "वयस्कर होती दोघं."

निकाल लागला. काम अपुरं असताना तक्रारदारांनी 'समाधान झाले' असं खोटं लिहून दिलं, म्हणून कचेरीची दिशाभूल झाली. जबाबदार कोण? मास्तर आणि बाई.

नावाची पाटी पुलावर लागायच्या आत गोदामात गेली. शोकसभेत रडलेल्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "मला तर पहिल्यापासूनच ती दोघं बरी वाटली नाहीत." दाजींना पंधरा दिवसांची विश्रांतीची रजा मिळाली आणि त्यांच्या जबाबावर शेरा पडला, 'मानसिक ताण'. आयुष्यात एकदाच खरं लिहिलं, तेही आजारपणात जमा झालं.

दाजींनी वर अपील केलं. दोनदा. "मला शिक्षा द्या," म्हणून भांडणारा माणूस कचेरीने पहिल्यांदाच पाहिला. "गुन्हा सिद्ध होत नाही" असं उत्तर आलं.

दाजी परत त्याच खिडकीत बसतात. मंगळवारी आता कुणी येत नाही. अगदी कुणीही नाही. खुर्च्या कोरड्या.

मग बिघडलं कुठे?

दोन महिन्यांपूर्वी बँकेने त्यांचा अर्ज परत पाठवला. सही जुळत नाही. त्यांनी पुन्हा केली. पुन्हा परत. ताई म्हणाली, "नीट बसून करा." नीट बसून केली, आणि ताईने कागद उलटा करून ठेवला. तेव्हापासून घरातल्या सगळ्या सह्या तीच करते.

मला हे माहीत नव्हतं. मागच्या रविवारी माझ्या भाडेकरारावर साक्षीदार हवा होता. दाजी "नको रे, नको रे" म्हणत होते. मी म्हटलं, "अहो दाजी, एका सहीला काय भाव खाता!" पेन त्यांच्या हातात कोंबलं.

त्यांनी डोळे मिटले. हात मात्र सराईतपणे चालला. एकदा वर. मग, जरासा थांबून… एकदा खाली.

साक्षीदार एकच हवा होता.

करार अजून माझ्याकडेच आहे. घरमालक रोज फोन करतोय. काय सांगू त्याला?