चार इंच जास्त

यामिनीची आणि त्या घराची पहिली भेट कपाळाने झाली.

झालं असं, की भर जानेवारीत आभाळ भरून आलं. ती शहाद्याहून स्कूटीवर ब्राह्मणपुरीतल्या एका नव्या बंगल्यासाठी टाइल्सचे नमुने घेऊन निघाली होती. गल्लीत शिरली आणि टपोरे थेंब... पाठोपाठ गारा. स्कूटी तिथेच लावून, नमुन्यांची पिशवी छातीशी धरून ती समोर दिसलं त्या घराकडे धावली आणि दाराची चौकट ठण्णकन कपाळावर बसली.

"आई गं!"

आतून एक तरुण धावत आला, मागून त्याची आई. आईने हळद आणली. तरुण पाण्याचा तांब्या घेऊन नुसताच उभा.

"चाळीस वर्षांत या चौकटीने कुणाला मारलं नव्हतं," तो म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि ते दाबताही येत नव्हतं.

"माझीच उंची जास्त आहे," यामिनी कपाळ चोळत पुटपुटली. "सगळे तेच म्हणतात."

"छे! चौकटच बुटकी आहे."

यामिनीने चमकून वर पाहिलं. आजवर कुणी चौकटीला दोष दिला नव्हता.

उंचीचं दुखणं तिचं जुनं. शाळेत कायम शेवटच्या रांगेत, फोटोत कायम मागे. मुलगे बघायला यायचे, पोह्यांची बशी संपवायचे आणि मग निरोप यायचा, मुलगी गुणाची आहे, पण... त्या 'पण'नंतरचं तिला पाठ झालं होतं. तिच्या वडिलांचं, रतिलालशेठचं, शहाद्यात टाइल्सचं दुकान. सिव्हिलचा डिप्लोमा करून यामिनी तिथेच एका टेबलावर लोकांच्या घरांचे आराखडे काढायची. लोकांची घरं सजवण्यात आपलं आयुष्य बरं जाईल, असं तिने ठरवून टाकलं होतं.

गारा थांबायचं नाव घेईनात. चहा झाला, ओळख झाली. तरुणाचं नाव गोकुळ. पपई आणि केळीची शेती. वडील नव्हते, घरात तो आणि आई प्रमिलाबाई. घर वडिलांनी हौसेने बांधलेलं, पण त्या काळातलं. पोपटी ऑइलपेंट, भिंतीत काचेचं शोकेस, आणि स्वयंपाकघर इतकं अंधारं की भर दुपारी दिवा लावावा लागे. सोयरिकीला येणारे पपईचा मळा पाहून खूश होत आणि स्वयंपाकघर पाहून अर्धा चहा ठेवून उठत.

"घर नवं कर, तवय सून येई," प्रमिलाबाई गोकुळला म्हणाल्या आणि यामिनीकडे वळल्या. "आते तूच दखाड वं माय, काय करानं ते."

यामिनीने दाखवलं. आणि मग काम तिलाच मिळालं. संपूर्ण घराचं, तिचं पहिलं.

पहिल्याच दिवशी गोकुळने मिस्तरीला सांगितलं, आधी चौकट वर घ्या. यामिनी म्हणाली, "आधी प्लंबिंग असतं."

"आधी चौकट," तो म्हणाला. "तुम्ही रोज येणार ना?"

वाहरू मिस्तरी मिशीतल्या मिशीत हसला आणि चौकट वर गेली.

मग दिवस कसे गेले, ते सिमेंटच्या पोत्यांना ठाऊक. गोकुळ मळ्यातून यायचा तो पिकलेली पपई घेऊन. ती रंगांच्या नमुन्यांची पत्ती पुढे धरायची, तो पत्तीकडे न बघता म्हणायचा, "तुम्हाला कुठला आवडतो?"

"घर तुमचं आहे."

"म्हणून तर विचारतोय."

"तुमच्या... होणाऱ्या बायकोला काय आवडेल, ते बघा की!"

"तेच बघतोय," असं म्हणून तो पपई कापायला लागायचा. यामिनीला वाटे, हा सगळ्यांशीच असा बोलत असेल. वाटून घेणं सोयीचं होतं.

वाहरूची एक रीत होती. स्वयंपाकाचा ओटा तो टेपने बांधत नसे. घरच्या बाईला भिंतीशी उभं करायचं, पोळी लाटल्यासारखे हात करायला लावायचे आणि हात जिथे येतील तिथे भिंतीवर खूण करायची. पण प्रमिलाबाई उभ्याच राहिल्या नाहीत.

"मन्हं माप काब्र? येनारी सूननं ल्या."

"येणारी कोण ते माहीत नाही," यामिनी म्हणाली, "तर सगळे घेतात ते बत्तीस इंच धरू." आणि शेगडी कुठे, सिंक कुठे, हे समजावताना ती स्वतःच भिंतीशी उभी राहून हवेत पोळ्या लाटू लागली. मग खिडकीचं माप घ्यायला वळली. परत आली तेव्हा ती उभी होती तिथे भिंतीवर गोकुळचा हात टेकलेला होता आणि वाहरू उगाचच खोकत होता. तिने फार लक्ष दिलं नाही.

कारण त्याच दुपारी प्रमिलाबाईंनी तिला मोबाइलवर एक फोटो दाखवला. दोंडाईच्याची मुलगी. गोरी, नाजूक, ठेंगणीशी.

"आखाजीना दुसरा रोज घर दखाले येतीन," त्या म्हणाल्या. "तवलोंग व्हई ना वं काम?"

"होईल की," यामिनी म्हणाली. घरी जाताना स्कूटी तिने दोनदा चुकीच्या रस्त्याला घातली आणि मग रस्त्याकडेला थांबून स्वतःशीच कबूल केलं. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय आणि त्याच्या बायकोसाठी घर तयार करतोय. त्यानंतर ती रोज जायची ते एक दिवसाआड जाऊ लागली. सूचना फोनवर.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. गल्लीत लिंबाला झोके बांधले गेले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी सुरू झाली. यामिनी शेवटचं काम बघायला आली. घर उजळलं होतं. खिडकीतून ऊन थेट नव्या काळ्या ग्रॅनाइटवर पडलं होतं. ती ओट्यापाशी गेली, हात टेकवले... आणि थबकली.

पाठ वाकली नव्हती. खांदे उतरले नव्हते. जगातल्या कुठल्याच ओट्यापाशी तिला इतकं सोपं उभं राहता आलं नव्हतं. म्हणजे नक्कीच काहीतरी चुकलं होतं.

तिने टेप काढली. छत्तीस.

"वाहरूदादा!" तिचा आवाज चिरकला. "चार इंच जास्त! त्या मुलीचे हात तरी पोचतील का यावर? लोक काय म्हणतील मला? तोडा... आजच तोडा!"

वाहरू थापी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "माप मन्हं नई शे, ताई. दादानी भितवर खुण करी दिधी, मी तठलोंग बांधं." आणि गोकुळला दारात पाहून तो तंबाखू मळायला बाहेर निघून गेला.

"तुम्ही?" यामिनीचे डोळे भरून आले. "का पण?"

आजवर तिच्याशी शहरी मराठीत बोलणारा गोकुळ एकदम घरच्या बोलीवर आला.

"तुन्हा मापना शे तो ओटा."

बाहेर झोक्याची कडी कुरकुरत होती. यामिनीला तेवढंच ऐकू येत राहिलं.

"दोंडाईच्याची मुलगी...?"

"त्यासले कालदिन फोन करी दिधा, येऊ नका म्हनीसन. मी तिले दखेलबी नई. मी फक्त तुले दखं. तू भितशी हुभी राहीसन पोया लाटी ऱ्हायंती... तवयच माले समजनं, हाई घर कोनासाठे करानं ते." त्याने ओट्यावर हात ठेवला. "तू नई म्हनशी तं ओटा तोडी टाकसू. पन आज नको."

यामिनीने डोळे पुसले. मनातलं जुनं दुखणं मात्र बोललंच.

"मी तुझ्यापेक्षा उंच आहे, गोकुळ. लोक हसतील. लग्नाचे फोटो..."

"खुर्चीवर बठीसन काढसूत."

ती हसली. रडता रडता हसली आणि मग तिला थांबताच येईना.

"आणि आई?" तिने हळूच विचारलं. "ओटा त्यांच्या तर छातीशी येईल."

तेवढ्यात मागून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. प्रमिलाबाई माळ्यावरचा जुना, जाड लाकडी पाट घेऊन येत होत्या. बोलणं किती ऐकलं होतं कोण जाणे. चेहरा थोडा घुश्शातच होता. दोंडाईच्याच्या मुलीचा फोटो त्यांना आवडला होता. त्यांनी पाट ओट्यापुढे ठेवला, पदर खोचला, वर चढून पाहिलं. हात बरोबर पोचले.

"मी पाटवर हुभी ऱ्हासू," त्या गोकुळकडे न बघता म्हणाल्या. "मन्हं काय! पन हाई पोरले जनमभर वाकाले नको लावू."

मग खाली उतरून त्यांनी दुधाचं पातेलं यामिनीच्या हातात दिलं. नव्या ओट्यावर पहिलं दूध उतू जायला हवं, आणि ते घरच्या बाईने ठेवायचं असतं.

यामिनीने शेगडी पेटवली. पाठ ताठ, मान वर. गोकुळ शेजारी उभा होता, तिच्यापेक्षा दोन बोटं कमी, आणि तिच्याकडे बघत होता. तीही बघत राहिली.

दूध उतू गेलं, ते दोघांनाही कळलं नाही.