इंचराच्या कोटाचं माप

सिंचनाने भुवनला हो म्हटलं. दोघांच्या घरच्यांनीही हो म्हटलं, आणि जे नाही म्हणण्याची शक्यता होती त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. सिंचना भुवनला ओळखतसुद्धा नाही. ती म्हैसूरच्या संतेपेटेत वडिलांच्या दुकानात बसून कुणाच्या तरी ब्लाउजला हूक लावते आहे, आणि प्रेमाबद्दल तिचं मत विचारलंत तर म्हणेल, "शिवायला काही आणलंय? नाही? मग सरका, उजेड अडतोय."

तेवढ्यात उजेड अडलाच. दारात एक तरुण उभा होता. खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब, हातात सहा चित्रं.

"मास्टर, एक कोट शिवायचाय. बाईचा."

"बाई कुठाय?" रंगनाथांनी, म्हणजे सिंचनाच्या अप्पांनी विचारलं.

"बाई नाहीये. म्हणजे... आहे. पण गेममध्ये."

चाळीस वर्षांत रंगनाथांनी लठ्ठ, बारीक, कुबड आलेले, सगळ्यांची मापं घेतली होती. नसलेल्या माणसाचं माप पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

तरुणाने चित्रं टेबलावर मांडली आणि सिंचनाच्या बोटात सुई गेली. इंचरा!

'कत्तल बावी' हा हूटगळ्ळीच्या एका स्टुडिओत बनणारा भुताचा गेम. कन्नडात कत्तल म्हणजे काळोख आणि बावी म्हणजे विहीर, तेव्हा मराठी वाचकांनी उगाच घाबरू नये. घाबरवायचं काम विहिरीतली भुतं करतात. बारा वर्षांत सहा भाग आले. दर भागात इंचरा नावाची मुलगी विहिरीत उतरते, औषध आणि बॅटरी पुरवून पुरवून वापरते आणि जमलं तर जिवंत वर येते.

"कुठल्या भागातली इंचरा?" सिंचनाने विचारलं.

"म्हणजे?"

"पहिल्या भागात ती डावखुरी आहे, दुसऱ्यापासून उजव्या हाताने कुऱ्हाड चालवते. पहिल्यात पाण्याला घाबरते, तिसऱ्यात विहिरीत सूर मारते. दुसऱ्यात बहीण बुडून मेली म्हणून रडते, चौथ्यात सांगते मी एकुलती एक. आणि सहाव्यात तीच मेलेली बहीण हिला कॉफी आणून देते, तर ही म्हणते साखर कमी पडली! अय्यो, बहीण परत आली त्याचं काही नाही का? शिवाय उंची दोन इंच वाढलीय. पंचविशीनंतर. मी कुठल्या मापाने शिवू?"

तरुणाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "तुम्ही अगदी त्या म्हाताऱ्यासारखं बोलता."

"कुठल्या?"

"एस. रंगनाथ म्हणून आहे कुणीतरी. रिटायर्ड हेडमास्तर असणार, पित्ताचा. दोन वर्षांत एक्केचाळीस पत्रं! मी भुवन, गेमचा लेखक. त्यांना उत्तर द्यायचं कामही माझ्याच गळ्यात. त्यांच्यामुळे मला ॲसिडिटी झालीय."

"काय उत्तर देता?"

"'आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार.'"

"ते माहितेय," सिंचना म्हणाली. "एक्केचाळीस वेळा वाचलंय."

दुकानात फक्त इस्त्रीचा फुस्स आवाज झाला. रंगनाथांनी मान वर न करता खुलासा केला, "एस म्हणजे सिंचना. रंगनाथ म्हणजे मी. पित्त मात्र तिचं एकटीचं."

भुवनने खुर्ची शोधली. ती नव्हती, म्हणून तो कापडाच्या ताग्यावर बसला आणि त्याच्यासकट घसरला.

*

गेमच्या प्रकाशनाला हा कोट घालणारी नटी अजून ठरायची होती. भुवनची उंची मात्र इंचराइतकीच निघाली. त्यामुळे बाईच्या कोटाचं फिटिंग भुवनवर सुरू झालं आणि संतेपेटेतल्या निम्म्या लोकांना त्या आठवड्यात अचानक काहीतरी अल्टर करून हवं झालं.

"हात वर करा," सिंचना म्हणाली. टेप त्याच्या छातीभोवती फिरली. "श्वास घ्या."

"घेतलाय."

"सोडा की मग."

"सोडवत नाहीये."

सिंचनाच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तिला हसता आलं नाही. एक टाचणी तेवढी खाली पडली.

"माझ्याआधी चार लेखक होते," भुवन म्हणाला. "प्रत्येकाने आधीच्याचं काही न वाचता लिहिलं. मी सगळं वाचलं. म्हणून मला एक ओळ लिहिता येत नाही. आणि आमचे पूर्वज म्हणे इथल्या घोडदळात होते!"

"आणि तुम्ही?"

"मला स्कूटरसुद्धा स्टँडवर लावता येत नाही."

"आमचे पूर्वज विठ्ठलाचं भजन करत तुमच्या पूर्वजांची बटणं लावायचे. लढाईत पोटं सुटायची वाटतं त्यांची." तिने त्याच्या कमरेला टेप लावली. "वंश टिकवलाय तुम्ही."

एका कोटाला दोन फिटिंग पुरतात. भुवन चौथ्यांदा आला तेव्हा रंगनाथांनी चहाला तीन कप काढले. शिंप्याची नजर! कुठलं कापड कुठे ओढलं जातंय ते त्यांना लांबूनही दिसायचं.

त्याच दिवशी भुवनने सगळ्याची माती केली.

"गळ्याशी जरा सैल ठेवा," तो सहज बोलून गेला. "वर हार घालायचाय."

"कसला हार?"

भुवन अडखळत सांगू लागला... सातव्या भागात पहिल्या दहा मिनिटांत इंचरा मरणार होती. प्रकाशनाच्या कार्यक्रमात तिचा फोटो, त्याखाली हा कोट घातलेली नटी, दोघींना हार. स्टुडिओच्या मालकीणबाई तुंगा म्हणाल्या होत्या, जिचा स्वभावच कुणाला सांगता येत नाही तिला जगवायची कशाला? शुक्रवारी अकराला त्यावर शिक्कामोर्तब.

सिंचनाने त्याच्या अंगावरच्या टाचण्या एकेक करून काढल्या. सगळ्या. हळू.

"म्हणजे चार दिवस मी कफन शिवत होते?"

"मी सांगणार होतो..."

"निघा. दुकान बंद झालं."

दुपारचे तीन वाजले होते.

*

रंगनाथांनी मापांची वही उघडून लेकीपुढे ठेवली. त्या वहीत सिंचनाचं एक पान होतं. तिचा पहिला फ्रॉक शिवला तेव्हापासूनचं.

"हे बघ. तेरा वर्षांची होतीस. आई गेली ते वर्ष. एका वर्षात तीन मापं, तिन्ही वेगळी. आधी वाळलीस, मग सुजलीस, मग एकदम उंच झालीस. यातली खरी सिंचना कुठली?"

"सगळ्याच की, अप्पा."

"हां. आणि त्या वर्षी शाळेत तू काय सांगायचीस?"

सिंचना वहीकडेच बघत राहिली. "आई हुणसूरला गेलीय म्हणून."

"आणि शेजारच्या भाग्याला?"

"मला आई नव्हतीच म्हणून."

"मला तर काहीच नाही सांगितलंस. रात्रंदिवस सुम्ने, नुसता तो गेम खेळायचीस." रंगनाथांनी वही मिटली. "मी म्हटलं, खेळू दे. ती विहिरीत उतरणारी पोरगी वर येते, तशी हीपण येईल."

सिंचनाला रडू आलं. मग रडता रडता ती थांबली. डोळे तसेच ओले ठेवून तिने कोट ओढला, कात्री घेतली आणि बाहीपासून काखेपर्यंतची शिवण उसवायला लागली.

*

शुक्रवारी पावणेअकराला ती हूटगळ्ळीच्या बसमधून उतरली तेव्हा भुवन फाटकाशीच उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

"मी राजीनामा लिहिलाय," तो म्हणाला.

"तोही विसंगत असेल. खिशात ठेवा आणि हा घाला." तिने कोट पुढे केला.

"आता? सगळ्यांसमोर?"

"कापड बोलायला अंग लागतं. तुमच्याशिवाय मी कुणाचं घेऊ?"

बोलून गेल्यावर ती लाल झाली. भुवनने मुकाट्याने बाह्यांत हात घातले.

तुंगाबाई पन्नाशीच्या, केस कापलेले, बोलणं त्याहून कापलेलं. टेबलाभोवती अकरा माणसं होती. बाईचा कोट घातलेल्या लेखकाकडे तुंगाबाईंनी पाहिलं, मग घड्याळाकडे. "दोन मिनिटं."

सिंचनाने भुवनला हाताला धरून फिरवलं आणि कोटाची शिवण उलटून दाखवली. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं.

"मॅडम, वाढत्या मुलीचा युनिफॉर्म शिवताना माझे अप्पा आत कापड सोडतात. मुलगी बदलणार हे धरूनच शिवायचं असतं. इंचराच्या आतही असं कापड आहे. तुम्हीच सोडलंत, फक्त उसवून पाहिलं नाहीत." तिने शिवण परत दुमडली. "ती विसंगत नाहीये. ती खोटं बोलते. बहीण गेल्याचं तिला सांगवत नाही, म्हणून जसा समोरचा माणूस तसं सांगते. मीपण सांगायचे... माझी आई गेली तेव्हा."

तेवढ्यात कोटातून आवाज आला.

"चौथा भाग!" भुवन ओरडला. "मी एकुलती एक, हे ती कुणाला सांगते? पोलिसाला! तो विचारतो, खाली अजून कुणी आहे का? बहिणीचं नाव घेतलं असतं तर तो उतरला असता आणि मेला असता. ती त्याला वाचवते!"

"आणि पोहणं?" टेबलाच्या टोकाचा एक जण म्हणाला.

"बहीण बुडाली ना? मग शिकली असेल," सिंचना म्हणाली. "मीपण आई गेल्यावरच स्वयंपाक शिकले."

"डावा हात?"

"पहिल्या भागाच्या शेवटी मोडतो. तुम्हीच मोडलात. विसरलात!"

"मग कॉफी?" तुंगाबाई आता पुढे झुकल्या होत्या. "मेलेली बहीण कॉफी देते, ते?"

सिंचनाने भुवनकडे पाहिलं. भुवनने सिंचनाकडे. दोघांनी तो प्रसंग शंभरदा पाहिलेला होता, वेगवेगळ्या घरांत, एकेकट्याने.

"त्या प्रसंगात," भुवन हळूच म्हणाला, "बहिणीचे हात दिसत नाहीत. बजेट संपलं म्हणून आम्ही काढलेच नव्हते. दोन्ही कप इंचराच्याच हातांत आहेत."

"ती एकटीच आहे," सिंचना म्हणाली. "कॉफी तिनेच केलीय. साखर बहीण नीट घालायची. हिला जमत नाही."

तुंगाबाईंनी चष्मा काढून पुसला. मग दोन मिनिटांची मुदत उलटून बावीस मिनिटांनी त्यांनी विचारलं, "आणि उंची? दोन इंच?"

"टाचेचे बूट," सिंचना म्हणाली.

अकराच्या अकरा माणसं हसली. "सरी, ठीक आहे," तुंगाबाई म्हणाल्या आणि इंचराला मारायचा कागद उभा फाडला. "इंचरा जगेल. सातवा भाग तिच्या बहिणीचा. आणि ओळ न् ओळ आधी हेडमास्तरांनी तपासायची. कुठे राहतात ते एस. रंगनाथ?"

"ते मीच," सिंचना म्हणाली, "तपासेन, पण दुकान सांभाळून."

भुवन आनंदाने टेबलावर चढला. काखेतली शिवण टर्रकन फाटली. कुणालाच काही वाटलं नाही. आत कापड होतं.

*

मंगळवारी संध्याकाळी दोघं राजवाड्यासमोर चुरमुरी खात उभे होते. भुवनच्या हातातला कागदाचा कोन कधीचा रिकामा होता, तरी तो त्यात बोटं घालत होता.

"मी... म्हणजे आपण... सातव्या भागानंतर जर कधी..."

"गेममधले संवाद तुम्हीच लिहिता ना?"

"हो."

"मग हे असे कसे?"

भुवनने मोठा श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या पत्रापासून. तुम्ही हेडमास्तर होतात तेव्हासुद्धा."

सिंचना इतकी हसली की शेजारची दोन कबुतरं उडाली. मग तिने त्याच्या शर्टाचं आजही चुकलेलं बटण काढलं, बरोबर काजात घातलं आणि हात तिथेच राहू दिला.

"हो," ती म्हणाली. "आणि आता मला तू म्हण."

"तू," भुवन म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग आजूबाजूला बघितलं. लाखभर दिव्यांचा राजवाडा समोर ठार काळा उभा होता. दिवे रविवारी लागतात.

"हे चालणार नाही," भुवन म्हणाला. त्याने राजीनाम्याचा कागद खिशातून काढून उलटा केला, सिंचनाची पाठ टेबल म्हणून मागून घेतली आणि लिहिलं:

प्रति, मा. अधिकारी, दिवाबत्ती, राजवाडा, म्हैसूर.

विषय: मंगळवार हा रविवार समजण्याबाबत.

महोदय, अर्जदारास आज सायंकाळी सात वाजून पाच मिनिटांनी होकार मिळाला असून, त्या वेळी आपला राजवाडा पूर्णपणे विझलेला आढळला. होकाराची मूळ प्रत अर्जदाराच्या शेजारी उभी आहे आणि हसू आवरून पाठ स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करीत आहे. ती कोणत्याही कारणास्तव जमा केली जाणार नाही. तरी सदर मंगळवार पूर्वलक्षी प्रभावाने रविवार समजून सर्व दिवे सात वाजून पाच मिनिटांपासून लागलेलेच होते असे जाहीर करण्यात यावे, आणि अर्जदार समाधानाने घरी जाईपर्यंत त्यांतील एकही विझवू नये, ही नम्र विनंती.